शेवटाकडून बांधलेली वाट

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं, पडदा होता. बैठकीच्या खोलीतल्या जुन्या पिवळ्या पडद्यांतला उरलेला एक आडवा पसरून बाबा त्याच्या पट्ट्या कापत बसले होते, आणि कात्री लेकीची होती.

"बाबा, ती कागदाची कात्री आहे. कापडाला लावली की बोथट होते."

"कापडाची तुझ्या आईनं लपवलीय."

"लपवली नाही, वाचवली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मागे लाल पडदा गेला, त्याच्या मागे माझी धडधाकट चादर. या माणसाच्या हाती लागलं की घरातलं कापड डोंगरात जातं. एक दिवस मलाच फाडून झाडाला बांधतील."

"तू पिवळी नाहीस," बाबा मान वर न करता म्हणाले.

लेक हसली आणि कात्रीवर पाणी सोडून पुन्हा आपल्या कागदांत शिरली. घरात तिला मास्तरीण म्हणत. ती शिकवत कुणालाच नसे. एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची, आणि ती सवय घरापर्यंत यायची. दुधाच्या पिशवीवरची चूकसुद्धा तिला दुरुस्त केल्याशिवाय सोडवत नसे. चाळिशी ओलांडली तरी वरच्या खोलीत आईबापाजवळ राहत होती, आणि त्याबद्दल कोणी काही विचारलं तर म्हणायची, "वरून सगळं नीट दिसतं."

बाबांच्या चिंध्यांची गोष्ट अशी होती. शहरातला सायकलवाल्यांचा क्लब दर वर्षी डोंगरातून एक लांब पल्ल्याची राईड काढायचा. शंभराला थोडं कमी किलोमीटर, त्यात डांबर नावापुरतं. बाकी जंगलवाटा, दगडधोंडे, ओढे आणि मधोमध डोंगराची लांबलचक धार. त्या वाटेवर खुणा बांधायचं काम बाबांनी निवृत्तीनंतर आपण होऊन अंगावर घेतलं होतं. आधीची सगळी नोकरी त्यांनी पाणीखात्यात पाइपलाइनच्या कडेनं चालून गळती शोधण्यात घालवली होती. आता सायकलवरून जाऊन वाट गळू नये एवढं बघायचं, एवढाच फरक, असं ते म्हणत.

त्यांची पद्धत मात्र जगावेगळी. क्लब गुलाबी प्लास्टिकच्या फितीची रिळं द्यायचा. ती ते घरी आणून आईला भाज्यांच्या जुड्या बांधायला द्यायचे. प्लास्टिक वाऱ्यात फडफडतं, तुटतं, जनावरांच्या पोटात जातं. खूण कापडाचीच. आणि ते वाट सुरुवातीपासून बांधत नसत. शेवटाकडून बांधत यायचे, उलटे.

"सायकलवाला दमतो कुठे? शेवटी," ते म्हणत. "मग माझे हात ताजे कुठे पाहिजेत? शेवटी. मी दमेन तोवर त्याची सुरुवात आलेली असते. सुरुवातीला काय, आंधळासुद्धा वाट काढतो."

प्रत्येक फाट्यावर ते पुढे जाऊन परत फिरायचे आणि थकलेल्या माणसासारखी मान खाली घालून, जिभेचा पट्टा बाहेर काढून त्या फाट्याशी यायचे. नजर जिथे पडेल तिथे चिंधी बांधायची. त्यामुळे राईडच्या सुरुवातीला खुणा डोक्याच्या उंचीवर असत, मध्यावर कमरेला, आणि शेवटी शेवटी गुडघ्याच्याही खाली. "काका, या वर्षी ससे उतरलेत का शर्यतीत?" असं क्लबातले विचारत. आई म्हणे, "डोंगरात एकटेच नाटक करतात. प्रेक्षक नाही, तिकीट नाही."

वळणाच्या आधीच्या चिंधीला ते 'बघ' म्हणत आणि वळून थोडं पुढे गेल्यावर जी दिसते तिला 'हो'. दुसरी पहिलीपेक्षा मोठी, असं त्यांचं मत. चुकलेल्याला वाट सांगणारे पुष्कळ भेटतात. बरोबर निघालेल्याला कुणी सांगत नाही.

त्या रात्री जेवताना त्यांनी डावा खांदा जरा चोळला. लेकीनं विचारलं, "कुठवर आलात?"

"धारेपर्यंत. उद्या धार झाली की निम्मी वाट हातावेगळी."

"जमतंय ना?"

"न जमायला काय झालं?"

हे उत्तर त्या घरात पिढीजात होतं. तीही कार्यालयात हेच द्यायची. आईनं वाटीत आमटी वाढली, बाबांनी पट्ट्यांची गुंडाळी पिशवीत भरली, आणि दिवस संपला, बाकीचे संपतात तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारेवर जंगलखात्याच्या पहारेकऱ्याला ते दिसले. दगडाला टेकून बसलेले, सायकल शेजारी आडवी. पहारेकऱ्यानं लांबूनच विचारलं होतं, "काय काका, दमलात का?" आणि उत्तराची वाट बघत तो थोडा वेळ तिथे उभा राहिला होता. हे त्यानं नंतर घरी येऊन सांगितलं, खुर्चीच्या अगदी कडेला बसून, जणू त्या उभं राहण्याचीच त्याला माफी हवी होती.

क्लबनं राईड तीन महिने पुढे ढकलली. उरलेली निम्मी वाट, म्हणजे सुरुवातीची, क्लबातल्या लोकांनी गुलाबी फितींनी पुरी केली आणि धारेवर कुठेतरी ती बाबांच्या पिवळ्याला नेऊन जोडली.

"कुठे नक्की?" लेकीनं क्लबच्या सेक्रेटरीला विचारलं. "त्यांची शेवटची कोणती?"

सेक्रेटरी भला माणूस होता. "धारेवर झाडं काय कमी आहेत ताई? पिवळी दिसली, आम्ही थांबलो."

तेव्हापासून त्या प्रश्नानं तिला धरलं. माणूस गेल्यावर घरच्यांना काय काय हवंसं वाटतं. तिला एवढंच हवं होतं की शेवटची गाठ कोणती ते बघावं, आणि मग तिथून पुढच्या सगळ्या बघाव्यात. चालत जाण्यासारखी जागा नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. त्या खुणा चालणाऱ्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. सायकलवर बसून, दमून, मान खाली घालूनच त्या वाचता येणार होत्या. आणि वाचायची संधी एकदाच होती. कारण राईडच्या दिवशी सगळ्यांच्या मागून एक जण येतो आणि खुणा काढत जातो. संध्याकाळी डोंगरात आपलं काहीही उरता कामा नये, हा नियम बाबांचाच होता.

तिनं बाबांची माउंटन बाइक दुरुस्त करून आणली, सीट खाली घेतली आणि रोज पहाटे शहराबाहेरच्या टेकडीवर जायला लागली. शाळा संपेपर्यंत ती सायकल चालवायची, बाबांच्या मागे, याच डोंगरांत. मग अभ्यास आहे म्हणून सोडली. अभ्यास होता हे खरं. कारण ते नव्हतं.

पहिले दोन पंधरवडे वाईट गेले. पाय दुखले, हात दुखले, आणि ज्या भागावर माणूस बसतो त्याविषयी तर कार्यालयात कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आई दारात उभी राहून बघायची. "एक गेलं ते गेलं, दुसरीला तिथेच जाऊन बसायचंय," असं भिंतीला सांगायची, आणि लेकीच्या डब्यात दोन केळी जास्त ठेवायची.

राईडच्या दिवशी उजाडताना आई उठली, लेकीच्या बुटाची नाडी पुन्हा घट्ट बांधून दिली, पण सोबत यायला तयार नव्हती. "शेवटाला येऊन उभी राहू म्हणतेस? तिथे मी कुणाची वाट बघायची, तूच सांग."

सुरुवातीच्या मैदानात सेक्रेटरीनं सूचना सांगितल्या. पाणी कुठे, औषध कुठे, आणि धरणाजवळचं पाण्याचं शेवटचं ठाणं सूर्य टेकडीला टेकला की बंद. मागून येईल तो ट्रकमध्ये. खुणा काढायला या वर्षी दातांची डॉक्टर होती, साठी ओलांडलेली, लांब पायांची, शिट्टी वाजवत सायकल चालवणारी बाई. मास्तरणीला ती लहानपणापासून ओळखत होती, तिच्या दाढा तिनंच काढल्या होत्या.

"मी तुझ्या मागेच असणार," ती हळूच म्हणाली. "घाई करणार नाही. पण थांबूनही राहणार नाही, सांगून ठेवते. तुझ्या वडलांनी मला तशी सवय लावलेली नाही."

"तुम्ही तुमचं काम करा. मी पुढे राहीन."

"राहा बाई. दात काढताना पण तू असंच म्हणायचीस."

पहिला चढ सुरू झाला तसे शंभरेक सायकलवाले तिला ओलांडून गेले, आणि थोड्या वेळात रानात ती, तिच्या चेनचा आवाज आणि झाडांवरच्या गुलाबी फिती एवढंच उरलं. नाही म्हणायला एक बेकरीवाला होता. जाडजूड, गोरापान, घामानं चिंब. कधी तिच्या पुढे, कधी मागे.

"माझं वजन बघू नका ताई," त्यानं ओळख करून दिली, "ती माझ्या मालाची जाहिरात आहे."

"मग डोंगरात कशाला आणलीत? इथे गिऱ्हाईक नाही."

"बायको म्हणाली, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. तिला बेटकुळ्या काढून दाखवायच्यात." मग दम खाऊन, "दंडाच्या नाही, पोटऱ्यांच्या. काहीतरी दाखवायचंय हो!"

तो बोलत राहिला की चढ जरा सौम्य व्हायचा. चढाला ती पुढे निघायची, उताराला तो दणदणत खाली जायचा. दुपारच्या आत ते खिंडीत पोचले, केळी खाल्ली, आणि तिथून धार सुरू झाली. धारेवर वाट हातभर रुंद, दोन्ही बाजूंना उतार, वारा तोंडावर. बेकरीवाला मागे राहिला. ती एका काळ्या खडकाला वळसा घालून पलीकडे आली, आणि समोरच्या झाडावर पिवळं दिसलं.

ती उतरली. सायकल झाडाला टेकवली.

तीन महिन्यांच्या उन्हानं चिंधी विटली होती, पण पडद्याची वेलबुट्टी अजून ओळखू येत होती. शेजारी एक चपटा दगड होता, पाठीला टेका देणारा. हाच तो. तिला वाटलं होतं, इथे आल्यावर आपण रडू. तसं काही झालं नाही. तिला दिसली ती एक चूक.

चिंधी तिच्या खांद्याच्या उंचीवर बांधली होती.

मध्यावरची खूण कमरेला पाहिजे. हा त्यांचा नियम, आणि बाबा नियमाला चुकणाऱ्यांपैकी नव्हते. गाठही एकेरी होती, टोकं कापलेली नव्हती, लांब लोंबत होती. तिनं चिंधीला बोट लावलं, दगडाकडे एकदा बघितलं आणि निघाली. पुढच्या फाट्यावर 'बघ' खांद्याला. 'हो' खांद्याला. त्याच्या पुढची छातीला, तीही एकेरी. एक चूक ती चूक. सलग तीच चूक आली की तिच्यामागे माणूस असतो, हे तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. तिनं चालत्या सायकलवरून, एक हात हँडलवरून उचलून, खांद्याच्या उंचीवर चिंधी बांधल्यासारखं करून बघितलं. मग कमरेच्या. मग कळलं. त्यांना वाकवत नव्हतं.

वाकवत नव्हतं, आणि आदल्या रात्री ते म्हणाले होते, न जमायला काय झालं.

धार उतरत ती पुढे गेली तशा गाठी बदलायला लागल्या. आधी एकेरीची दुहेरी झाली. मग टोकं कापलेली दिसू लागली. मग चिंध्या छातीवरून कमरेला आल्या आणि कमरेखाली गेल्या. एका ओढ्याजवळ तर त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेऊन चिंधी फांदीच्या आतल्या बाजूला बांधली होती, नेहमीच्या चोखंदळपणानं. तिला थांबून हिशेब लावावा लागला. ती वाटेनं पुढे जात होती, पण बाबांच्या दिवसांतून मागे चालली होती. ही गाठ शेवटच्या दिवसाची, ही आदल्या दिवसाची, पडदा कापला त्या सकाळची. ही त्याच्याही आधीची. पुढे जावं तसे बाबा बरे होत होते.

तिला एकदम घाई सुटली. पुढची बघायची होती. आणखी पुढची.

मागे दूरवर शिट्टी ऐकू आली. डॉक्टरीण धारेवर पोचली होती. म्हणजे काळ्या खडकापलीकडची ती चिंधी आता तिच्या पिशवीत गेली असणार.

बेकरीवाल्यानं तिला उताराला गाठलं आणि पुढच्या चढाला पुन्हा तो मागे पडला. त्याच्या पोटरीत गोळे येऊ लागले होते. त्यात त्याला खुणा सापडत नव्हत्या.

"हे खुणा बांधणारं कोण आहे ना, त्याला मला एकदा भेटायचंय," तो धापा टाकत म्हणाला. "झाडं एवढी उंच दिलीत देवानं, आणि हा गवतात बांधतो! काय उंदरांसाठी?"

"तुम्ही आत्ता कुठे बघत होतात?"

"कुठे म्हणजे?"

"सायकल चालवताना. नजर कुठे होती?"

बेकरीवाल्यानं विचार केला. "पुढच्या चाकावर."

"मग?"

त्यानं पुढच्या चाकाकडे बघितलं, मग गवतातल्या चिंधीकडे. "च्यायला," तो म्हणाला. "दमलेल्या माणसाला ओळखणारा दिसतोय."

"माझे वडील," ती म्हणाली. "होते."

त्यानं हेल्मेट काढलं, परत घातलं. "माफ करा हां ताई. उंदीर मी मागे घेतो."

तिथून पुढे दोघांनी न ठरवता सोबत केली. ती चढ चढून जायची, वळणाशी सावली बघून थांबायची, पाणी प्यायची, आणि तो वळणावर दिसला की पायडलवर पाय ठेवून निघायची. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्यालाही. चौथ्या वेळी तो वळणावर आला आणि ती निघाली, तसा मागून आवाज आला.

"अहो ताई! हा कुठला न्याय? तुम्ही बसता, मी आलो की निघता! मला पण बसू द्या की!"

तिचा पाय पायडलवरून घसरला.

सोळाव्या वर्षी ती याच डोंगरात होती, बहुधा याच चढाला. बाबा पुढे. वळणावळणाला सावलीत उभे, सायकलला टेकून, पाठमोरे. ती कशीबशी तिथवर यायची, छातीत भाता, तोंडाला फेस, आता बसायचं एवढंच डोक्यात. आणि ती वळणावर दिसली की ते सायकलवर टांग टाकायचे. बसायला मिळायचंच नाही. प्रत्येक वळणाला ते ताजे होत जायचे आणि ती आणखी दमत जायची. तिला वाटायचं, कंटाळलेत. लोढणं झालंय आपलं. 'थांबा' म्हणणं म्हणजे ते कबूल करणं, आणि ते कबूल करण्यापेक्षा अभ्यास बरा. बाबांनी कारण विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ते एकटे गेले, आणि नंतरही एकटेच जात राहिले.

आणि आज चार वळणं ती स्वतः हेच करत होती. का करत होती? हे तिनं खरोखरच, अगदी कुतूहलानं स्वतःला विचारलं, कारण उत्तर आत्ता ताजं होतं, अजून पायांत होतं. बेकरीवाल्याचा कंटाळा तिला आलेला नव्हता. उलट तो दिसला की बरं वाटायचं. पण तो वर यायचा तो लालबुंद होऊन, आणि तिला बसलेली बघून ओशाळायचा. 'तुम्हाला खोळंबा झाला' असं ते तोंड म्हणायचं. ते ओशाळणं तिला बघवायचं नाही. आपण त्याच्यासाठी थांबलोच नव्हतो, सहज टेकलो होतो, असं त्याला वाटावं म्हणून ती तोंड फिरवून निघायची. तेवढंच होतं. बापरे, तेवढंच होतं.

"ताई? बरं वाटतंय ना?"

तिनं सायकल आडवी टाकली आणि त्याच्या शेजारी गवतात बसली. "बसा," ती म्हणाली. "तुमचा दम परत येईपर्यंत मी हलत नाही."

"मागून डॉक्टरीणबाई येताहेत."

"येऊ देत."

"धरणाचं ठाणं बंद होईल."

"बसा हो तुम्ही."

तो पाय लांब करून बसला. तिनं त्याची टाच धरून पंजा मागे रेटला, गोळा सुटला, तो ओरडला आणि मग हसला. तिनं विचारलं, "तुम्ही एवढं सहज कसं म्हणालात?"

"काय?"

"मला पण बसू द्या म्हणून."

"मग काय पत्र पाठवू?" त्याला प्रश्नच कळला नाही. "दमलो होतो, म्हणालो."

शिट्टी जवळ आली. डॉक्टरीणबाई वळणावर आल्या, पिशवी पिवळ्यानं फुगलेली, आणि दोघांना बसलेलं बघून एक पाय टेकवून उभ्या राहिल्या. "सहल छान चाललीय. सूर्य बघितलात का?"

बघितला नव्हता. तो टेकडीच्या वर दोन हात उरला होता. धरण अजून एका चढापलीकडे होतं, आणि धरणापलीकडे बाबांच्या अगदी पहिल्या गाठी होत्या, ताज्या हातांच्या. त्या ट्रकमधून दिसणार नव्हत्या.

"चला," बेकरीवालाच आधी उठला. "बायकोला ट्रकमधून उतरताना दिसलो तर जन्मभर ऐकावं लागेल."

तो चढ तिनं कसा काढला ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. सगळ्यात हलका गिअर लावूनही मांड्या थरथरत होत्या. मान कधीच खाली गेली होती. डोळ्यांसमोर पुढचं चाक, त्याखालचे खडे, आणि जिथे जिथे शंका आली तिथे तिथे, बरोबर चाकाच्या उंचीवर, एक पिवळी चिंधी. मान उचलायचीही गरज पडली नाही. तिच्या थकव्याचं माप कुणीतरी आधीच घेऊन ठेवलं होतं. वळणावर ती थांबली, बेकरीवाला आला, दोघांनी दहा श्वास घेतले आणि बरोबर निघाले. धरणाच्या ठाण्यावरचा माणूस टेबलाचे पाय मिटत होता. त्यानं सूर्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि पाण्याचे दोन पेले पुढे केले.

"टेकायचाय अजून," तो म्हणाला. "जा."

पुढे उतार होता. "आता माझं वजन माझ्या बाजूनं!" असं ओरडत बेकरीवाला दिसेनासा झाला. ती सावकाश उतरली. शेवटचे फाटे तिनं एकेक करून बघून घेतले. गाठी दुहेरी, टोकं कात्रीनं तिरपी छाटलेली, गवताच्या मुळाशी बसवलेली, काही तर जमिनीपासून वीतभर. असं बांधायला माणसाला गुडघे टेकून बसावं लागतं. आणि पुन्हा उठावं लागतं.

राईड शहराबाहेरच्या पाणीटाकीच्या आवारात संपत होती. बरेचसे लोक निघून गेले होते. सेक्रेटरीनं एकट्यानं टाळ्या वाजवल्या, बेकरीवाल्यानं बायकोशी बोलता बोलता फोन तिच्या दिशेनं उंच धरला, "ही बघ, याच त्या!" कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं. ती सायकल तिथेच सोडून चालत फाटकाकडे परत आली. आत शिरताना फाटकाच्या सगळ्यात खालच्या गजावर तिला एक पिवळं दिसलं होतं. सगळ्यांची शेवटची खूण, बाबांची पहिली.

डॉक्टरीणबाई तिथे पोचल्याच होत्या. वाकल्या, हात पुढे केला आणि मग तिला येताना बघून तो मागे घेतला.

"ही तू काढ," त्या म्हणाल्या. "मी आत जाऊन सगळे आले म्हणून सांगते." पिशवी खांद्यावर टाकून त्या सायकल ढकलत निघून गेल्या. या वेळी शिट्टी वाजवली नाही.

ती फाटकाला पाठ लावून खाली मातीत बसली. पाय समोर पसरले. बूट, गुडघे, सगळं एका रंगाचं झालं होतं. धापा अजून थांबल्या नव्हत्या, आणि तिनं त्या थांबू दिल्या, आपापल्या वेळानं. शेजारी दुसरं माणूस बसेल एवढी जागा होती. तिनं त्या जागेकडे बघितलं नाही. समोर, जिथून आली त्या वाटेकडे बघत, आवारातल्या कुणालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी थांबायचात आणि मी पोचले की लगेच निघायचात. तुमचा दम खाऊन झालेला असायचा, माझा नाही. सायकल मी अभ्यासासाठी नाही सोडली. मला तुमच्याबरोबर बसायचं असायचं, आणि ते मला म्हणता आलं नाही. आता निघू नका. बसा जरा. तुम्ही पण दमलायत. मी पण दमलेय."